यंत्र गावात आले; पुढे काय?

खेड्यात संगणक पोहोचला, मोबाईल पोहोचला. सातबाराचा उतारादेखील आता पडद्यावर पाहावयास मिळतो. एवढ्यावरून खेड्यातील सर्व माणसे समाजव्यवहारात सामील झाली, असा निष्कर्ष आपण शहरवासी सहज काढतो. तो कितपत खरा आहे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम रेडिओ हेच नवे यंत्र होते तेव्हाचे उदाहरण घेऊ. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषेच्या पाच जिल्ह्यांत सुमारे 150 गावी श्रोतृमंडळे स्थापन केली. हा उपक्रम पुण्याच्या नावाने जगभर ओळखला गेला. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांस उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत असे दिसले की, मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती अल्पच होती. यंत्र दोन्हीकडे एकच; अंतर पडले ते एकत्र बसण्याने व उलट प्रश्न विचारण्याच्या सोयीने.

आता संगणकाकडे वळू. 1998 साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सुमारे 70 गावे संगणक-केंद्रांनी जोडण्याची योजना निघाली. कारखान्याकडे ऊस किती गेला, पैसे किती झाले, हे शेतकऱ्यास गावातच कळू लागले. पुढे काही गावांत मोबाईलवरील लघुसंदेशांनीच ते काम भागू शकते, असे प्रयोगान्ती दिसून आले. कारण केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या हिशेबापुरताच होत होता. सोय खरीच मोठी. परंतु ज्याच्या नावे ऊस नाही त्या भूमिहीन मजुरास, किंवा जिच्या नावे जमीन नाही त्या स्त्रीस, या हिशेबात स्थान कोठे? यंत्र नोंदीतल्या माणसास ओळखते. नोंदीबाहेरच्या माणसाचे त्यास अस्तित्वच नसते.

याउलट सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत पाहा. श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथे 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रियांपैकी काही निरक्षर, म्हणून प्रथम परवाना नाकारला गेला. परंतु व्याजाचा हिशेब आपण तोंडी करू शकतो, असे त्यांनी रिझर्व्ह बँकेस पटवून दिले. पुढे खात्यासाठी गुप्त आकड्याची पद्धत आली, तेव्हा आकडा चोरीस जाईल, अंगठा जाणार नाही, असे सांगून त्यांनी अंगठ्याचा आग्रह धरला. निरक्षरतेची खूण मानला गेलेला अंगठा येथे मालकीची खूण झाला. 2008 पासून तेथे लोकांचे स्वतःचे नभोवाणी केंद्रही चालू झाले.

तथापि अंगठा हाही सर्वांस पुरणारा उपाय नव्हे. कष्टाने झिजलेली बोटे यंत्र पुष्कळदा ओळखीत नाही, आणि अशा वेळी शिधावाटपाच्या दुकानावरून एखादी म्हातारी धान्यावाचून परत फिरू शकते. यास्तव प्रत्येक यंत्राशेजारी दुसरा मार्ग मोकळा असावा आणि तक्रार ऐकणारे माणूस बसलेले असावे.

अशा पुष्कळ योजनांची आखणी आपल्या पुण्यासारख्या शहरांतून होते. तेव्हा गावोगावी यंत्रे किती बसविली, ही गणती पुरेशी मानू नये. ज्यांस आजवर कोणी विचारले नाही त्यांपैकी किती जणांचे प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचले आणि किती जणांस उत्तर मिळाले, हे मोजावे.