चार नंबरची टाकी

पहाटे ४:४०
जुनी सांगवी. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी. आज पाण्याचा दिवस, त्यामुळे बायको आधीच उठलेली. तो ड्रम भरतो, बादलीवर वाकतो आणि म्हणतो, "क्लोरीन जास्त मारलंय आज." ती म्हणते, "पाणी भरा. हुंगायचं कामावर."

नाव छापायचं नाही, ही त्याची अट. गावी, उदगीरजवळ, आई माळकरी आहे. पोरगा पुण्यात टाक्या धुवायच्या कंपनीत आहे, एवढंच तिला माहीत. तसं हे खोटंही नाही. निम्मा दिवस टाक्या धुण्यातच जातो.

आधी चाकणला होता, गाड्यांच्या सीटचे सांगाडे वेल्डिंग करायला. ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली. आता बालेवाडीत, एका हॉटेलला जोडलेल्या मायक्रोब्रुअरीत मदतनीस. हातात बावीस हजार, एक वेळचं जेवण मालकाकडून. दोन खोल्यांचं भाडं साडेआठ हजार, लाइटबिल वेगळं.

५:२०
मुळेवरचा पूल, औंध, बाणेर. स्प्लेंडर पन्नासच्या आसपास अॅव्हरेज देते. जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस रुपयांचं पेट्रोल. रस्ता रिकामा आहे तोवर पोचायचं.

५:५०
किचनमागचं दार. काल रात्रीच्या तळणीच्या तेलाचा वास अजून हवेत आहे. तो एक्झॉस्ट लावतो आणि वास जाईपर्यंत बाहेर थांबतो. मग गमबूट. मग टाक्यांची फेरी. पाचशे-पाचशे लिटरच्या सहा टाक्या. भरलेल्या प्रत्येकीची नळी खाली पाण्याच्या बादलीत सोडलेली, आतला वायू तिथे बुडबुडतो. तो बादलीशी वाकून एक छोटा श्वास घेतो. मोठा नाही. हा कार्बन डायऑक्साइड आहे, नाकात झणझणतो, आणि बंद खोलीत जास्त साचला तर माणूस आडवा होतो.

चार नंबरमध्ये आयपीए आहे, हॉप्सच्या फुलांनी कडू केलेली बीअर. आंबणं जवळपास संपलेलं. सोमवारी तिच्यात चार किलो हॉप्स टाकले. संत्र्याची साल, पिकलेला आंबा असा वास येतोय. आज गुरुवार. आज थंड करायला घेतली तर शनिवारी रात्री नळावर येईल. मालकांना शनिवारीच हवी आहे.

तो बादलीपाशी पुन्हा वाकतो. काही बोलत नाही.

६:१०
माल्टच्या पाच गोण्या, पंचवीस-पंचवीस किलोच्या. चार देशी, एक जर्मन. देशी किलोला ऐंशी-नव्वद रुपये, जर्मन जवळजवळ दुप्पट. तोंडाला रुमाल बांधून गोणी गिरणीत ओततो. दळण जाडच लागतं. साल अख्खं राहिलं पाहिजे, पुढे त्याचीच गाळणी होते. मूठभर दळण हातावर घेऊन बोटाने पसरतो. साल अख्खं, दाण्याचे तीन-चार तुकडे. चालेल. रिकाम्या गोण्या त्याच्या, गावी ज्वारी भरायला जातात.

७:००
साडेतीनशे लिटर पाणी, ७२ अंशांवर. हे पाणी कोळशाच्या फिल्टरमधून आलेलं. क्लोरीन राहिलं तर पुढे बीअरला दवाखान्याचा वास लागतो, जखमेवरच्या पट्टीचा. तो वास एकदा बसला की निघत नाही. रोज सकाळी एक ग्लास पाणी हुंगून तो वहीत सही करतो.

दळण सोडत जायचं आणि स्टीलच्या वल्ह्याने ढवळत राहायचं. गोळे होता कामा नयेत. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. काटा ६७ वर थांबला की झाकण, आणि एक तास वाट. या तासात पिठाची साखर होते.

आज एकादशी. डब्यातली साबुदाण्याची खिचडी तो आत्ताच खातो. चाखायचं काम आज नाही, फक्त हुंगायचं. एरवीही घोट तोंडात फिरवून थुंकतो. सरांना, म्हणजे ब्रुअरला, आधी हे पटत नव्हतं. बीअर गिळल्याशिवाय कळत नाही, म्हणायचे. आता काही म्हणत नाहीत.

८:१५
पांढऱ्या बशीत दोन थेंब, वर आयोडीनचा एक थेंब. निळं-काळं झालं तर पीठ शिल्लक आहे. झालं नाही. गोड पाणी खालून काढायचं, वरून गरम पाणी शिंपडत राहायचं. यात घाई केली की गाळणी बसते आणि मग सगळ्यांचाच दिवस बसतो.

९:४०
आता चोथा. दिवसातलं सगळ्यात जड काम हेच. भांड्याच्या खालच्या दारातून फावड्याने ओढून काढायचा. वाफ तोंडावर येते, चष्मेवाल्याने हे काम करूच नये. सुका सव्वाशे किलो घातला होता, ओला दीडशेच्या आसपास निघतो. सूसचा गोठेवाला टेम्पो लावून उभा आहे. पैसे कोणी कोणाला देत नाही. "म्हशी सोडत नाहीत," गोठेवाला म्हणतो, "पण आजच्या आज संपवायला लागतो. उद्या आंबतो."

१०:३०
उकळी. पहिली पाच मिनिटं हलायचं नाही, फेस वर येतो. पाण्याचा पाइप हातात धरून उभा राहतो. फेस बसला की पहिले हॉप्स, तीनशे ग्रॅम, कडूपणापुरते.

झाकण उघडं ठेवायचं. फिक्या माल्टमध्ये एक गंधकाचं द्रव्य असतं. ते उष्णतेने सुटतं आणि वाफेबरोबर निघून जातं. झाकण लावलं तर थेंब होऊन परत खाली पडतं, आणि बीअरला कोबी उकडल्याचा वास येतो. मागे एका नव्या पोराने गॅस वाचवायला झाकण लावलं होतं. गॅस वाचला, पाचशे लिटर ओतून द्यावी लागली.

हॉप्स उणे अठराच्या फ्रीझरमधून येतात. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातले, सिट्रा आणि मोझॅक. हिरव्या गोळ्या, दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या, किलोला साडेतीन हजारांच्या आसपास. हॉप्सची वेल आपल्याकडे होत नाही, तिला उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये होते. एकोणिसाव्या शतकात अशीच कडू, भरपूर हॉप्सची एल इंग्लंडहून जहाजाने मुंबईला उतरायची. ती बहुतेक साहेबांसाठी. गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टर यायची. खडकीची छावणी सांगवीच्या नदीपलीकडेच आहे. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हापण दोन रेट होते."

१२:१०
ज्योत बंद. ८० अंशांवर आल्यावर आणखी दोन किलो हॉप्स, मग थंड करून टाकी तीनमध्ये. पुण्याचं नळाचं पाणी या कामाला पुरेसं थंड नसतं, चिलर लागतो. १९ अंशांवर यीस्ट, साडेतीनशे ग्रॅम. वहीत आकडे. ही वही राज्य उत्पादन शुल्कवाले बघतात, तिच्यात खाडाखोड चालत नाही.

१:२०
जेवणाची सुट्टी. उपास म्हणून तो दोन केळी खातो, सर पराठा. सर कोथरूडचे. अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होते तेव्हा गॅरेजमध्ये वीस लिटरच्या पातेल्यात बीअर करायचे. तिथे १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरगुती बीअरला मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात वीस लिटर काय, वीस बाटल्याही करता येत नाहीत. सर परत आले तोवर पुण्यात मायक्रोब्रुअरी रुळल्या होत्या. त्यांतली डूलाली २००९ ची. सरांनी रेसिपी आणली आणि नोकरी धरली.

याचं नाक सरांनीच घडवलं. दर सोमवारी झाकलेले कप. ओला पुठ्ठा म्हणजे बीअरला हवा लागली. हिरवं सफरचंद म्हणजे ती कच्ची आहे. लोणी म्हणजे डायअॅसिटिल. तो घरीही तेच करतो. बायको कोबी उकडायला लागली की झाकण काढून उभा राहतो. भाजीवालीकडून सफरचंदाची साल मागून घेतो. ती आता याला गिऱ्हाईक धरत नाही.

२:३०
चार नंबर. नमुना काढून साखर मोजतात. सोमवारी ३.० होती, आज २.६. हॉप्स पडल्यावर उतरली. हॉप्समध्येच विकर असतात, ते उरलेला पिष्टांश फोडतात, झोपलेलं यीस्ट पुन्हा खायला उठतं. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलं. मग शंभर वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. एवढे हॉप्स कोणी घालतच नव्हतं.

यीस्ट उठलं की पुन्हा लोण्याची सामग्री तयार होते. तिला अजून वास नसतो. वास नंतर उघडतो, ग्लासात, गिऱ्हाइकापुढे. म्हणून ही तपासणी. दोन बाटल्यांत नमुना. एक ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, घट्ट बूच लावून. दुसरी तशीच. मग दोन्ही सारख्या थंड करायच्या.

सर गरम न केलेली बाटली उघडतात. संत्रं, आंबा. छान.

गरम केलेली त्याच्या हातात देतात. तो बूच काढतो, एकदा हुंगतो, लगेच बाजूला करतो. "थिएटरातलं पॉपकॉर्न."

सर हुंगतात. परत हुंगतात. "थोडं आहे."

"थोडं नाही, सर."

लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग असला तरी माणसाच्या नाकाला हा वास कळू शकतो. सगळ्यांच्या नाही. मालकांना कळत नाही.

४:००
टाकी दोन रिकामी झाली आहे. ऊन ७५ अंशांचं कॉस्टिक, दोन टक्के. रबरी हातमोजे कोपरापर्यंत. अर्धा तास पंप फिरतो. मग पाणी, मग अॅसिड, मग पाणी, शेवटी पेरअॅसेटिक, ज्याचा वास डोळ्यांत शिरतो. गेल्या महिन्यात मोज्याला भोक होतं, मनगटावर अजून डाग आहे. हातमोजे एकशेऐंशीला जोडी. सांगितल्यावर आठवड्याने आले. झडपांच्या रबरी रिंगा तो हाताने काढून घासतो. पंपाने तिथली घाण जात नाही.

५:४०
मालक येतात. "शनिवारी देतोय ना?"

सर म्हणतात, नाही. २० अंशांवरच ठेवायची. यीस्टने लोणी केलं, यीस्टच ते खाणार, पण ते जागं पाहिजे. आत्ता थंड केली तर यीस्ट खाली बसेल आणि पिंपात लोणी वाढत जाईल.

"किती दिवस?"

"तीन. चारही लागतील."

"म्हणजे वीकेंडला आयपीए नाही. आणि टाकी अडलेली." मालक मनात बेरीज करतात, ती चेहऱ्यावर दिसते. एकट्या टाकीत टाकलेल्या हॉप्सचेच चौदा हजार. "लोकांना कळतं का हे?" हा प्रश्न त्यांनी याच्याकडे बघून विचारला.

तो हात पुसतो. "दुसरा ग्लास मागवत नाहीत."

मालक थोडा वेळ टाकीकडे बघतात आणि फोन लावतात. शनिवारचं आयपीएचं पान काढा, गव्हाची बीअर पुढे घ्या.

६:२०
सर फळ्यावर लिहितात: टाकी ४, २० अंश, रोज गरम-गार तपासणी. रोज म्हणजे रविवारीही. रविवार याची सुट्टी.

"दादा, रविवारी येशील? तासाभराचं काम आहे. मला नगरला लग्नाला जायचंय."

"सुट्टीचे किती?"

"सहाशे देतील."

"पेट्रोल?"

"त्यातच."

"मग सकाळी नाही जमणार. अकराला येतो."

"अकराला ये. आणि आकडा मला फोनवर सांग."

"आकडा सांगेन. वास कसा सांगू?"

"आहे की नाही, तेवढं सांग."