रिकीब : पाय धरावा, पण वेळेवर सोडावा

मध्यकर्णात एकापुढे एक अशी तीन चिमुकली हाडे असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेली आहेत. हातोडी आणि ऐरण लोहाराकडे पाहायला मिळतात, पण रिकीब म्हणजे काय असे वर्गात विचारले तर बहुतेक हात खाली राहतात. घोड्याच्या खोगिराला दोन्ही बाजूंना पट्ट्याने टांगलेली, स्वाराने पाय ठेवायची जी धातूची कडी, ती रिकीब. कानातील त्या हाडाचा आकार हुबेहूब तसाच असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

घोड्याशी आपला संबंध आता फारसा उरलेला नाही, हे खरे. तरी विठ्ठलवाडीच्या किंवा कल्याणच्या मुलांना तो येतो, आणि बहुधा एकाच ठिकाणी येतो. कर्जतची लोकल पकडायची, नेरळला उतरायचे आणि माथेरान गाठायचे. तिथे पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर घोडे असतात. शाळेची सहल असो की घरची, घोड्यावर बसायचा हट्ट होतोच. त्या पाचदहा मिनिटांच्या फेरीत आपला जीव ज्या वस्तूंवर अवलंबून असतो, त्यांत रिकीब फार वरच्या क्रमांकाला आहे. मात्र तिच्याकडे कोणी पाहत नाही.

रिकिबीचा सर्वांत जुना पुरावा आपल्या अगदी जवळ आहे. मळवली स्थानकावर उतरून भाजे लेण्यांकडे जाता येते. तेथील आणि सांचीच्या शिल्पांत घोडेस्वाराचे पाऊल एका पट्ट्यात अडकवलेले दिसते, असे इतिहासकार दाखवून देतात. ही शिल्पे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत. आपल्या उष्ण देशात स्वार अनवाणी असे, त्यामुळे केवळ अंगठा अडकवायचा फासही चालून जाई. थंड प्रदेशात बूट घालणाऱ्यांना तो निरुपयोगी होता. त्यांना पूर्ण पाऊल मावेल अशी कडक कडी हवी होती. ती चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत रूढ झाली, आणि सहाव्या-सातव्या शतकांत आवार नावाच्या भटक्या घोडेस्वारांबरोबर युरोपात पोहोचली. पुढे मराठ्यांच्या पागेतील बारगिरांनी आणि शिलेदारांनी मैलोन् मैल दौडी केल्या, त्या अशाच कडीवर पाय रोवून.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वार घोड्यावरून पडला तर दुखापत होणारच. माथेरानचा घोडा लहान चणीचा असला, तरी त्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे २ मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर आदळतानाचा वेग सेकंदाला ६.३ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर येतो. गुरुत्व त्वरण ९.८ घेऊन हे तुम्ही स्वतः ताडून पाहा. म्हणूनच शिरस्त्राण हवेच, त्याबाबत चर्चा नको. परंतु पडलेला स्वार जमिनीवर मोकळा झाला, तर अपघात तिथेच संपतो. पाय रिकिबीत अडकून राहिला, तर अपघात तिथे सुरू होतो. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. पोटाखाली, मागच्या पायांजवळ काही लोंबकळू लागले की तो पळतो. तो पळाला की लोंबकळणारी वस्तू अधिक हेलकावते आणि घोडा अधिक बिथरतो. परिणामानेच कारण वाढत जाते. अशा घोड्याच्या टापांपासून अडकलेल्याचे डोके हातभर अंतरावर असते.

पाऊल अडकते कसे? रिकिबीवर ठेवायचा असतो तो पायाचा चवडा. पादत्राणाला टाच नसेल किंवा रिकीब फार रुंद असेल, तर पाऊल पुढे सरकून घोट्यापर्यंत आत जाते. घोटा बारीक, त्याच्या एका बाजूला टाच आणि दुसऱ्या बाजूला पसरट चवडा. सदऱ्याचे बटण काजात अडकावे तसाच हा प्रकार. पण पाऊल पुढे गेले नाही तरी धोका असतोच. स्वार पडताना पाय पिरगळतो, त्याबरोबर रिकीब तिरपी होते आणि पावलाला दोन ठिकाणी चावते : एकीकडे वरून, दुसरीकडे खालून. पावसाळ्यात कपाटाचा लाकडी खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरपा होऊन घट्ट बसतो, आणि जितके जोरात ओढावे तितका अधिक घट्ट होतो. हा अनुभव तुम्ही घेतला असेलच.

याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. खण मध्यरेषेपासून 'क्ष' अंतरावर 'फ' बलाने ओढला, तर त्याला फिरवणारे आघूर्ण फ × क्ष होते. ते तोलण्यासाठी दोन टोकांना प्रत्येकी 'न' एवढी दाबबले निर्माण होतात. त्या दोन टोकांतील अंतर 'ल' धरले, तर न × ल = फ × क्ष. दोन्ही ठिकाणचे मिळून घर्षण होईल घर्षणांकाच्या दुपटीला 'न'ने गुणून येणारे. हे घर्षण 'फ'पेक्षा जास्त झाले की खण अडकला. समीकरण सोडवले की 'फ' उडून जातो. अडकायचे की नाही हे ओढण्याच्या जोरावर मुळीच ठरत नाही. 'क्ष' हे अंतर 'ल' भागिले दुप्पट घर्षणांक, यापेक्षा मोठे झाले की झाले! रिकिबीच्या पायपट्टीची पुढून मागपर्यंतची रुंदी सुमारे ४ सेंटिमीटर धरा. गुळगुळीत चामडी तळव्याचा घर्षणांक ०.४ घेतला तर ही मर्यादा ५ सेंटिमीटर येते. खाचाखाचांच्या रबरी तळव्याला ०.८ घेतला तर ती अवघी अडीच सेंटिमीटर होते. पाय घोट्यातून ओढला जातो आणि घोटा चवड्याच्या मध्यरेषेपासून चारपाच सेंटिमीटर वर असतो. चामडी तळव्याचा बूट काठावर सुटतो, रबरी तळव्याचा अडकतो. खणाशी केलेली ही तुलना काटेकोर नाही, कारण रिकीब खणासारखी पक्क्या खाचेत नसून लोंबती असते. तरी मातीवर उत्तम पकड घेणारा खेळाचा बूट घोड्यावर वाईट का, हे त्यातून समजते.

मग ठराविक ताण पडताच तुटणारी रिकीब का करू नये? विजेच्या मंडलात आपण फ्यूज घालतो, तसे. वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. ४५ किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा दोन्ही रिकिबींवर उभा राहिला, तर प्रत्येकीवर सुमारे २२० न्यूटन बल पडते. दुडक्या चालीत वरखाली होताना ते सहज दुप्पट, म्हणजे ४४० न्यूटन होईल. आता तोच मुलगा पडून फरफटत आहे असे समजा. त्याच्या शरीराचा दोनतृतीयांश भाग जमिनीवर घासतो आहे आणि मातीचा घर्षणांक ०.६ आहे. मग पट्ट्यावरचा ताण येतो फक्त १८० न्यूटनच्या आसपास. म्हणजे नित्याच्या स्वारीतले बल अपघातातल्या बलापेक्षा मोठे! १८० न्यूटनला तुटणारी रिकीब स्वाराला पहिल्याच पावलाला खाली पाडील, आणि ५०० न्यूटनला तुटणारी अपघातात तुटणारच नाही. फ्यूजची युक्ती इथे हरते.

फरक बलाच्या परिमाणात नाही, दिशेत आहे. स्वारीतले बल सरळ खाली असते आणि अपघातातले बाहेर व मागे. सुरक्षित रिकिबीचे जेवढे प्रकार निघाले, ते सारे या एका गोष्टीवर उभे आहेत.

सर्वांत परिचित प्रकारात रिकिबीची बाहेरची भुजाच काढून टाकलेली असते. तिच्या जागी वरच्या आकड्यापासून खालच्या खुंटीपर्यंत जाड रबरी वळे ताणून बसवतात. पाऊल बाहेर ढकलले गेले की वळे आकड्यावरून निसटते आणि ती बाजू उघडी पडते. आता वजन कोण पेलतो ते पाहा. वळे नव्हे, सारे वजन आतल्या एकाच भुजेवर येते. नेहमीच्या रिकिबीत १२ सेंटिमीटर लांबीची पायपट्टी दोन्ही टोकांना आधारलेली असते. मध्यावर २५० न्यूटन बल पडले, तर तिच्यातले जास्तीत जास्त वाकवणारे आघूर्ण साडेसात न्यूटन-मीटर येते (टोके नुसती टेकलेली धरून). एका बाजूचा आधार काढला की ते कोपऱ्याशी १५ न्यूटन-मीटर होते, नेमके दुप्पट. सज्जासारखी बाहेर आलेली ही पट्टी मोठ्या माणसाच्या वजनाने हळूहळू वाकते. म्हणून हा प्रकार हलक्या मुलांसाठीच योग्य. दुसरी अडचण रबराची. उन्हाने आणि घामाने रबराला भेगा पडतात, ते ऐन वेळी तुटते, मग कोणी तरी तिथे सुतळी बांधतो. सुतळी बांधली की सुरक्षित रिकीब संपली!

दुसऱ्या प्रकारात बाहेरची भुजा धातूचीच असते, पण पुढच्या बाजूला धनुष्यासारखी वाकवलेली. पाऊल पिरगळताच त्याला त्या बाकात मोकळी जागा मिळते आणि ते निसटते. यात झिजणारे, तुटणारे काही नाही, आणि मोठ्या माणसाचे वजनही ती पेलते. परंतु डावी-उजवी अदलाबदल झाली आणि बाक आत किंवा मागे आला, तर तीच रिकीब साध्या रिकिबीपेक्षा वाईट ठरते. रबरी वळ्याची बाजूही नेहमी बाहेरच हवी.

तिसरा प्रकार म्हणजे स्प्रिंगवर उघडणारी भुजा. खालून वजन पडले तर ती मिटलेलीच राहते, पण पावलाने बाहेरच्या दिशेला रेटली की बिजागरीवर फटकन उघडते. घोडेस्वारी नियमित शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मला विचारले, तर मी हीच घ्यायला सांगेन. मात्र बिजागरीत माती आणि गंज जाऊ देता कामा नये. दर स्वारीपूर्वी ती हाताने उघडून पाहावी. ती महाग असते, हेही आहेच.

चौथा उपाय पाऊल सोडण्याचा नसून आत जाऊ न देण्याचा आहे. रिकिबीच्या पुढे चामड्याची टोपी बसवायची, मोजडीच्या चवड्यासारखी. पाऊल चवड्याच्या पुढे सरकतच नाही, त्यामुळे घोट्यापर्यंत अडकण्याचा प्रश्न मिटतो. अमेरिकेतले गुराखी काट्याकुट्यांपासून बचाव म्हणून अशी टोपी वापरत आले आहेत. डोंगरावरच्या भाड्याच्या घोड्यांसाठी मला हा उपाय सर्वांत पटतो. तिथे दर अर्ध्या तासाला नवा स्वार येतो, कोणी चपला घालून, कोणी कापडी बूट घालून. प्रत्येकाच्या मापाची रिकीब ठेवणे घोडेवाल्याला शक्य नाही, पण चांभाराकडून दोन टोप्या शिवून घेणे शक्य आहे.

रिकीब ज्या पट्ट्याने टांगलेली असते, त्याच्या वरच्या टोकाकडेही पाहायला हवे. चांगल्या इंग्रजी धर्तीच्या खोगिरात तो पट्टा एका पोलादी दांडीवर अडकवलेला असतो आणि दांडीचे मागचे टोक मोकळे असते. खाली ओढ बसली तर पट्टा राहतो, मागे ओढ बसली तर दांडीवरून घसरून रिकिबीसकट निघून येतो. पुन्हा दिशेचीच करामत. त्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. पट्टा हरवू नये म्हणून काही जण ती वर करून बंद ठेवतात. ती उघडी हवी. जिथे पट्टा कडीत ओवून शिवून टाकलेला असतो, तिथे ही सोय नाही असे समजावे.

मापाचे म्हणाल, तर बुटाची सर्वांत रुंद जागा मोजा आणि दोन्ही बाजूंना मिळून अडीच सेंटिमीटर मोकळे राहतील अशी रिकीब निवडा. बूट ९ सेंटिमीटर असेल, तर रिकीब साडेअकरा. अरुंद रिकिबीत पाऊल पाचरीसारखे बसते, रुंद रिकिबीतून आरपार जाते. लहान मुलाला मोठ्या माणसाची रिकीब दिली तर नेमके हेच होते. सडपातळ प्लास्टिकपेक्षा वजनदार पोलाद बरे. पाऊल झटक्यात वर उचलले की जड रिकीब जडत्वामुळे मागे राहते आणि सुटते, हलकी मात्र पावलाबरोबर येते.

सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. मुलांचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा ती रिकिबीच्या वर, पट्ट्याच्या दुपदरी फासातच पाय घालून बसतात. दिसायला ते सोयीचे दिसते. पण चामड्याचा फास पिळला की आवळतो, आणि वर सांगितलेल्यापैकी कोणतीही युक्ती तिथे चालत नाही. कितीही चांगली रिकीब खाली रिकामी लोंबत राहते. घोडेवाल्या मामांना सांगून पट्टा वरच्या भोकात घ्यायला लावावा. भोक नसेल, तर पाय मोकळे सोडून, मामांनी लगाम हातात धरून घोडा चालत न्यावा. चढताना आणि उतरताना तर लगाम सोडूच देऊ नये, कारण डावा पाय रिकिबीत आणि उजवा हवेत असतो तेव्हाच घोडा एक पाऊल पुढे टाकतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत याची तपासणी करता येईल. जुन्या बुटात वाळूची पिशवी भरा. लोखंडी पट्टी वाकवून रिकीब करा आणि कंबरपट्ट्याने ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगा. बुटाच्या घोट्याशी दोरी बांधून तानकाट्याने ओढा : आधी सरळ मागे, मग ३०, ४५, ६० अंश तिरपे. बूट किती बलाला सुटतो ते प्रत्येक वेळी टिपून ठेवा. मग तळव्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून तेच पुन्हा करा. शेवटी रिकिबीची बाहेरची भुजा कापून तिथे रबरी वळे लावा. पहिल्या दोन मांडण्यांत एखाद्या कोनाला तानकाटा आपल्या मापाच्या शेवटापर्यंत जाईल आणि बूट तरीही सुटणार नाही. तो कोन मांडणीगणिक वेगळा येतो, तेवढा नक्की नोंदवा.