हिरवी साल, गोड रस

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण दिल्लीच्या गिऱ्हाइकाला ते दिसायचं कुठं? अडत बाजारात माल टनाच्या भावाने विकला जातो, ट्रकमध्ये भरला जातो आणि गावाचं नाव मागेच राहतं. शिवाय हे मानांकन आपोआप सगळ्यांना लागू होत नाही. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, तेव्हाच पेटीवर ते नाव छापता येतं.

दुसरी अडचण रंगाची. साल पिवळी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. त्याशिवाय सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. म्हणून उकाड्यात पिकलेली मोसंबी आतून गोड असूनही वरून हिरवीच असते आणि गिऱ्हाईक तिला कच्ची समजून बाजूला सारतं. इथे जाहिरातीपेक्षा कापलेली एक फोड जास्त काम करते.

मग बाटलीत रस भरून का विकू नये? तिथेच खरी मेख आहे. ताजा रस गोड लागतो, पण थोडा वेळ ठेवला की कडवट होतो. फळ पिळताना पेशी फुटतात, त्यांतलं चव नसलेलं एक द्रव्य रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं, आणि लिमोनिन कमालीचं कडू. राळेच्या गाळणीतून ते काढता येतं, पण ती यंत्रणा छोट्या गटाला परवडणं कठीण. त्यापेक्षा रसवंतीवाल्याच्या गाड्यावर, गिऱ्हाइकासमोर पिळलेल्या ग्लासावर ‘जालना’ लिहिलेलं मला जास्त पटतं.