पेडल स्टील : पायांनी बदलणारा स्वरमेळ

हवाईयन गिटार मुंबईला नवी नाही. व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या एके काळी घरोघरी होत्या. वाद्य आडवे ठेवायचे, डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून घसरवत मींड काढायची, उजव्या हातातल्या नख्यांनी तारा छेडायच्या. सूर गळ्यासारखा निघतो तो यामुळेच. अडचणही त्या दांडीतच आहे. ती सरळ असल्याने सगळ्या तारांवर एकाच पडद्याशी टेकते. तारा ज्या स्वरमेळात लावल्या असतील तोच वर-खाली सरकतो, दुसरा सहजी मिळत नाही.

यावर अमेरिकेत निघालेला तोडगा म्हणजे पेडल स्टील. पेडल दाबले की वाद्याच्या पोटातली सळई ओढली जाते, तार ठरलेल्या मापाने ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. गुडघ्याने ढकलायच्या खिट्ट्या काही तारा चढवतात, काही उतरवतात. 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबले. तो सरकता आवाज पुढे कंट्री संगीताची ओळख बनला.

आज दहा तारांची ‘ई नाइन’ ही मांडणी सर्वांत रूढ आहे. ‘ई’ला षड्ज मानले, तर वादकापासून दूरच्या बाजूने तारा अशा : रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. गंमत म्हणजे सर्वांत उंच स्वर तिसऱ्या तारेचा. पलीकडच्या रे आणि नी या दोन तारा बडी एमन्सने 1962च्या सुमारास जोडल्या. पहिले पेडल पंचमाचा धैवत करते, दुसरे गंधाराचा मध्यम. षड्ज जागचा हलत नाही. म्हणून दोन्ही दाबली की सा-ग-प हा मेळ सा-म-ध होतो आणि दांडी तसूभरही सरकवावी लागत नाही. नुसते पहिले दाबले तर सा-ग-ध, म्हणजे धैवताचा मायनर मेळ. गुडघ्याच्या एका खिट्टीने षड्जाचा कोमल रिषभ होतो, दुसरीने शुद्ध निषाद. मुरलेले वादक गंधार किंचित उतरता लावतात. तंबोऱ्याच्या गंधाराची सवय असलेल्या कानाला ते लगेच पटेल.

खर्जाची भूक मात्र दहा तारांवर भागत नाही. ‘एक्स्टेंडेड ई नाइन’मध्ये खालच्या टोकाला आणखी एक गंधार आणि एक षड्ज जोडून तारा बारा केल्या जातात. जॅझच्या भरघोस मेळांसाठी ‘सी सिक्स’ मांडणी वेगळी असते. म्हणून अनेक वाद्यांना दोन माना असतात आणि वजनही तसेच. ‘युनिव्हर्सल’ मांडणीत हे दोन्ही बारा तारांच्या एकाच मानेवर येते. षड्ज उतरवणारी खिट्टी धरून ठेवली की मुख्य तारा प-नी-रे-ग अशा उरतात आणि वाद्य दुसऱ्या मांडणीत शिरते. कोमल निषादाची तार मात्र जाते, तो स्वर खिट्टीने काढावा लागतो. कोणती खिट्टी कुठे, याचा तक्ता शेवटी प्रत्येक वादक आपल्या सोयीने ठरवतो.

भारतीय वादकांनीही तारा वाढवल्या, पण वेगळ्याच गरजेपोटी. रागाला मेळ बदलायची निकड नसते, आस हवी असते. ब्रिजभूषण काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये (1967) गिटारला रागसंगीतात मान मिळवून दिला. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत वीस तारा, त्यांतल्या बारा तरफेच्या. पेडल एकही नाही.

दांडीवर हात बसलेल्या हवाईयन गिटारवादकाला पेडल स्टीलकडे वळायचे असेल, तर त्याने दहा तारांच्या ‘ई नाइन’पासूनच सुरुवात करावी. पहिली दोन पेडले कानात आणि पायात मुरेपर्यंत बाराव्या तारेसाठी पैसे खर्च करू नयेत.