साठ मैलांवरची थरथर

‘गाडी थरथरतेय’ ही तक्रार मी आयुष्यात किती वेळा ऐकली, त्याची मोजदाद नाही. ट्रक-बसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. ड्रायव्हर आत शिरतानाच सांगायचा, ‘साहेब, गाडी व्हायब्रेशन मारतेय, बघून घ्या.’ डॉक्टरकडे जाऊन ‘अंग दुखतंय’ एवढंच सांगावं, तसं हे आहे. कुठे दुखतंय, कधीपासून, चालताना की पडल्यावर, हे न विचारता गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. गॅरेजात मात्र न विचारताच औषध सुरू होतं. आणि त्याचं बिलही होतं.

माझा पुतण्या इंग्लंडात ऑक्सफर्डला राहतो. त्याने तिथे एक जुनी एमजीबी घेतली. दोन माणसांची, कापडी टपाची, १९७१ सालची. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच लाखांहून जास्त. कारखाना होता ॲबिंग्डनला, ऑक्सफर्डपासून दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे गाडी आपल्या माहेरच्या अंगणातच होती म्हणा ना. आपल्या अँबॅसडरमध्ये जे १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं होतं, त्याच घराण्यातलं मोठं, १,७९८ सीसीचं इंजिन या एमजीबीत असतं. त्यामुळे बॉनेट उघडल्यावर मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही.

तक्रार अशी होती. पन्नास मैलांपर्यंत गाडी लोण्यासारखी. पंचावन्नच्या पुढे सीटखालून बारीक गुणगुण सुरू व्हायची, साठला ती कमरेत जाणवायची, आणि आतल्या आरशात मागची गाडी म्हणजे नुसता रंगाचा डाग दिसायचा. पुतण्याने तीन गॅरेजं केली होती. पहिल्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं, दोनदा. दुसऱ्याने इंजिनाखालची रबरी माउंटिंग बदलली. तिसऱ्याने गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं सांगून जो आकडा दिला, तो ऐकून सूनबाईंनी जाहीर केलं, ‘काका, एक तर ही गाडी विकायची, नाही तर मी बसने येत जाईन.’ पुतण्या गप्प. मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो आणि दुपारी मला काही उद्योग नव्हता.

श्रोतेहो, थरथरीचं निदान करायला पाना लागत नाही. आधी गाडीत बसून नीट लक्ष द्यावं लागतं. गाडीत फिरणाऱ्या वस्तू मुख्यतः तीन: इंजिन, चाकं आणि या दोघांच्या मधला प्रोपेलर शाफ्ट. तिघांचा फिरण्याचा वेग वेगवेगळा असतो, म्हणून त्यांचे आवाजही वेगळे. एमजीबी टॉप गिअरमध्ये ताशी साठ मैलांनी, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरने जात असेल, तेव्हा शाफ्ट मिनिटाला सुमारे ३,३०० फेरे घेतो, सेकंदाला पंचावन्न. मागे डिफरन्शियलमध्ये तो वेग जवळजवळ चौपट कमी होतो आणि चाकं सेकंदाला चौदा वेळा फिरतात. चौदा धक्के माणसाला वेगवेगळे कळतात. ती थरथर, स्टिअरिंगमध्ये येणारी. पंचावन्न धक्क्यांचा मात्र सूर होतो. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेपेक्षा थोडा खालचा. पुतण्याच्या गाडीत मला हा सूर ऐकू येत होता. चाकं दोनदा बॅलन्स करणाऱ्याने गाडी साठवर नेऊन पाहिली असती, तर त्याचे आणि आमचे दोघांचेही पैसे वाचले असते.

पण सूर शाफ्टचा की इंजिनाचा? टॉप गिअरमध्ये दोघं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे फसगत होते. उपाय सोपा आहे. रिकामा, सरळ रस्ता बघून पुतण्याला म्हटलं, ‘साठवरच राहा, पण तिसऱ्या गिअरमध्ये.’ इंजिन साडेचार हजारांवर जाऊन ओरडायला लागलं. शाफ्ट मात्र तेवढाच फिरत होता, कारण त्याचा वेग ठरतो तो चाकांवरून. गुणगुण जशीच्या तशी! मग क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली, इंजिन खाली आलं; तरी गुणगुण आहेच. इंजिन निर्दोष सुटलं, त्याच्याबरोबर ती नवी माउंटिंगही. गिअरबॉक्सवरचा संशयही बराच कमी झाला.

आता हा शाफ्ट म्हणजे काय, ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या अंगाला रबरावर बसवलेले, पण मागचा ॲक्सल पाट्यांवर खालीवर नाचणारा. स्थिर वस्तूकडून नाचणाऱ्या वस्तूकडे फेरे पोचवायचे, तर मधला दांडा कडक असून चालत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. आपल्याकडे गॅरेजात त्याला यूजे किंवा नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात: अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रोलरची रांग. या सांध्याला इंग्रजीत रॉबर्ट हूकचं नाव आहे, युरोपात इतरत्र सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं. हूकचं शिक्षण ऑक्सफर्डचंच. त्याचा सांधा असलेली गाडी तीनशे वर्षांनी शेजारच्या गावात तयार व्हायला लागली, याचं मला उगीचच कौतुक वाटलं.

या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरला की पलीकडचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा थोडा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांचा कोन असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्क्याचा होतो. तीन अंशांत तो नगण्य वाटतो, पण सेकंदाला पंचावन्न फेऱ्यांना नगण्य काही राहत नाही. यावर उतारा म्हणून दुसरा सांधा पहिल्याच्या बरोबर जोडीने बसवतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवायचे. मग पहिला सांधा जे बिघडवतो, ते दुसरा सावरतो. काटे रेषेत नसले की दोघं मिळून बिघडवतात. हे लक्षात असू द्या, कारण पुढे मी स्वतःच त्यात सापडलो.

गाडी उचलली. मागचा जॅक ॲक्सललाच लावला आणि भक्कम स्टँडही त्याच्याच खाली दिले. अंगाला जॅक लावून ॲक्सल लोंबकळू दिला, तर सांध्यांचे कोन बदलतात आणि आपण भलतंच काही तपासत बसतो. पुढच्या चाकांना उटी दिली. सायलेन्सरचा पाइप गार व्हायची वाट बघितली; शाफ्टच्या शेजारून तो जातो आणि मनगट भाजून देतो. मग बोल्ट काढून शाफ्ट बाहेर घेतला. पुढचा क्रॉस हाताने सगळीकडे मऊ फिरत होता. मागचा एका जागी अडखळत होता, गंजलेल्या बिजागरीसारखा.

असं होतं, कारण त्या सुया पूर्ण फिरत नाहीतच. कोन लहान, म्हणून त्या जागच्या जागी मागेपुढे डोलतात. वर्षानुवर्षं एकाच जागी डोलून पोलादात खाचा पडतात, ग्रीस कोरडं पडलं की जास्तच. सांधा त्या खाचेत बसतो, सरळ राहत नाही, आणि शाफ्टचं टोक केसभर बाजूला सरकून फिरायला लागतं. टोक सरकलं की वजनाचा तोल गेला. मध्यापासून तीन सेंटिमीटरवर फक्त दहा ग्रॅम जादा वजन असलं, तर साठ मैलांवर ते साडेतीन किलोपेक्षा जास्त जोराने ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला पंचावन्न वेळा दिशा बदलते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट.

आणि हा प्रश्न केवळ गुणगुणीचा नव्हता, हे मी पुतण्याला तेव्हाच बजावलं. असा सांधा पुढेमागे तुटतो. मागचा तुटला तर शाफ्ट आपटत राहतो, पुढचा तुटला तर तो रस्त्यात रोवला जाऊ शकतो. घाटात शाफ्ट सुटलेला एक मालट्रक मी उचलून आणला आहे. दांड्याने ब्रेकचा पाइपही तोडला होता. एमजीबीत तर हा शाफ्ट दोघांच्या सीटच्या मधल्या बोगद्यातून जातो. सूनबाईंना हे त्या वेळी सांगितलं नाही.

दोन्ही क्रॉस नवे आणले. बाहेर एकदा जेवायच्या खर्चात आले. सर्क्लिप काढायच्या, जुन्या टोप्या व्हाइसमध्ये दाबून काढायच्या, नव्या बसवताना एकही सुई आडवी पडू द्यायची नाही. हातोडीची घाई केली की सुई हमखास पडते. काम झालं. मग मला मोह झाला. शाफ्टच्या एका टोकाला दात्यांचा सरकता भाग असतो, ॲक्सल नाचताना लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून. म्हटलं, हाही उघडून स्वच्छ करू. उघडला, धुतला, ग्रीस भरलं, बसवला. रस्त्यावर गेलो, तर चाळिसालाच गुणगुण! पहिल्यापेक्षा वाईट. पुतण्या काही बोलला नाही. आरशात बघून नुसता ‘काका...’ म्हणाला.

रात्री पडल्या पडल्या उलगडलं. उघडण्यापूर्वी मी खूण केली नव्हती. शिकाऊ पोरांना ज्यासाठी मी तीस वर्षं रागावलो, ती चूक. सरकता भाग एक दाता इकडे-तिकडे बसला की दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत. शिवाय कारखान्यात शाफ्टचा तोल जमवलेला असतो तो त्या दोन भागांच्या मूळ जोडणीत. ती मोडली की तोही मोडला. सकाळी शाफ्ट पुन्हा काढला. ग्रीस पुसल्यावर दोन्ही भागांवर कोरलेले बाण दिसले, चक्क समोरासमोर नसलेले. ते जुळवले. बाण नसले तरी काटे डोळ्यांनी एका रेषेत आणता येतात. मात्र तोल राखायला मूळची खूणच हवी.

आता साठवर शांतता. सत्तरला किंचित कुरकुर उरली होती. तिच्यासाठी जुनी युक्ती केली. पाण्याच्या नळीला लावतात तशा दोन होज क्लिपा शाफ्टच्या मागच्या टोकाजवळ आवळल्या, दोघींचे स्क्रू शेजारीशेजारी. शाफ्टवर खडूने चार खुणा. स्क्रू पहिल्या खुणेवर ठेवून एक फेरी, मग दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर. दर वेळी गाडी थांबवून, इंजिन बंद करून, स्टँडवर घेऊनच खाली जायचं. गाडी उचलून चाकं फिरती ठेवून ही तपासणी करणारेही आहेत. फिरत्या शाफ्टजवळ बाही गेली तर काय होतं ते मला ठाऊक आहे, मी ते करत नाही. दुसऱ्या खुणेवर कुरकुर वाढली, चौथीवर जवळजवळ गेली. मग त्या खुणेच्या दोन्ही अंगांना दोन्ही स्क्रू सारखे दूर सरकवत गेलो. जितके दूर, तितकं वजन कमी जाणवतं. अगदी समोरासमोर आले की एकमेकांना रद्द करतात. एका अंतरावर कुरकुर थांबली.

क्लिपा कायमच्या ठेवायच्या नसतात. शाफ्ट बॅलन्सिंग करणाऱ्याकडे दिला. त्याने मशिनवर फिरवून एका जागी नखाएवढा पोलादी तुकडा वेल्ड केला. माझी चौथी खूण होती तिथेच, दोन बोटं इकडे.

निघायच्या आदल्या रविवारी सूनबाई गाडीत बसल्या, ॲबिंग्डनच्या बाजूला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पुतण्याने काटा साठवर नेला. ‘मागे लाल गाडी आहे,’ सूनबाई आरशात बघत म्हणाल्या आणि तिचा नंबर वाचून दाखवला. शेवटच्या अक्षरासकट.