हजेरीपटातलं अचाट गणित

मालवण तालुक्यातल्या कट्ट्याच्या शाळेत एका वर्गात ६० मुलं आहेत असं धरा. हजेरीपटावर त्यांची नावं किती वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतील? उत्तर ८२ आकडी आहे. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाजसुद्धा ८१ आकडी धरतात! या अफाट ढिगातून वर्णानुक्रमाचा नेमका क्रम काढायला ‘मर्ज सॉर्ट’ या संगणकी पद्धतीला दोन-दोन नावांच्या जास्तीत जास्त २९७ तुलना पुरतात. मला त्या ८२ आकड्यांपेक्षा हे २९७च थक्क करतात.

परब आधी की सावंत, हे ठरवणारं फंक्शन मात्र आपण लिहितो, आणि पर्ल-पायथनसारख्या संगणकाच्या भाषांत वेळ खातं ते हेच. मराठीत तर काम आणखी वाढतं. युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर यादी लावली तर क्षीरसागर ‘ख’च्याही आधी येतात. त्यांना वर्णमालेप्रमाणे शेवटी न्यायचं तर पूर्ण नावातून आडनाव काढून, अक्षरं बदलून तुलनेसाठी वेगळी ‘की’ बनवावी लागते.

आता अख्खा जिल्हा घ्या. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या होती ८,४९,६५१. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर तुलनांची संख्या ३६,००० कोटींच्या वर जाते. मर्ज सॉर्ट साधारण दीड कोटीत आटपतो. पण ‘की’ तुलनेच्या फंक्शनच्या आत बनत असेल तर दर तुलनेला दोन, म्हणजे तीन कोटींहून जास्त वेळा बनते. एकेका माणसाचं आडनाव सरासरी ३६हून जास्त वेळा नव्याने काढायचं! ही निव्वळ उधळपट्टी आहे.

रँडल श्वार्ट्झ यांनी १९९४मध्ये पर्लमध्ये दाखवलेली युक्ती सरळ होती: प्रत्येक नावाची ‘की’ आधी एकदाच बनवा, नावाला जोडा, यादी लावा, मग ‘की’ काढून टाका. १९९९मध्ये उरी गटमन आणि लॅरी रॉस्लर यांनी ‘की’ अशी बांधली की तुलनेचं फंक्शनच लागू नये. पायथनने २००४मध्ये ‘की’ची सोय दिली आणि २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत सॉर्टमधून तुलना-फंक्शनची जागाच काढली. हा निर्णय मला फार धाडसी आणि योग्य वाटतो.

वेग मोजताना एक फसगत हमखास होते. टिम पीटर्स यांनी २००२मध्ये पायथनसाठी रचलेला टिमसॉर्ट आधीच क्रमाने असलेली जिल्ह्याची यादी ८,४९,६५० तुलनांत संपवतो. तिथे ३६ पटींचा फरक जेमतेम दुपटीवर येतो आणि उधळं फंक्शनही चपळ दिसतं. म्हणून यादी आधी नीट पिसावी आणि तीच पिसलेली यादी प्रत्येक फंक्शनला द्यावी.