खाऱ्या हवेतले किमती घड्याळ

रत्नागिरीत लोखंड टिकत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. खिडक्यांचे गज, पडवीवरचे पत्रे, सायकलची चेन, मिरकरवाडा बंदरात पडलेले नांगर, सगळे दोन पावसाळ्यांत गंजून तांबूस होते. याच हवेत मनगटावरचे उत्तम पोलादाचे घड्याळ मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे चकाकत राहते. तेही मुळात लोखंडच असते, शंभरात साठ-पासष्ट भाग. मग ते गंजत का नाही? हे एकदा समजले की घड्याळ घरी कसे स्वच्छ करावे, याचे बहुतेक नियम आपोआप उलगडत जातात.

उत्तर क्रोमियममध्ये आहे. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर बसतो. या थराची जाडी अवघी १ ते ३ नॅनोमीटर असते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे हा थर स्वतःच स्वतःला सांधतो. ओरखडा पडून धातू उघडा पडला, तरी प्राणवायू मिळताच तिथे पुन्हा थर तयार होतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे हॅरी ब्रिअरली १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी झिजेला दाद न देणारा धातू शोधत असताना या पोलादापर्यंत पोचले. धातुविद्येत याहून सुंदर घटना मला तरी माहीत नाही.

म्हणजे स्टेनलेस स्टीलचे घड्याळ ज्या थरामुळे टिकते, त्याला प्राणवायू लागतो. प्राणवायूचा पुरवठा तुटला की थर कमकुवत होतो, आणि त्यात मीठ असेल तर पोलाद खाल्ले जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातले बहुतांश आपले नेहमीचे मीठ. लाटा फुटल्या की त्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यालगतच्या मांडवी-भाट्याच्या घरांत आरशावर जी चिकट पुटे चढतात, तीच घड्याळावरही चढत असतात. घामातही तेच मीठ असते, शिवाय थोडे लॅक्टिक आम्ल. म्हणून चांगल्या घड्याळांसाठी ३१६एल जातीचे पोलाद वापरतात. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाचा हल्ला परतवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. रोलेक्सने १९८५ पासून ९०४एल हे याहून वरच्या जातीचे पोलाद वापरायला सुरुवात केली. त्यात क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम तिन्हींचे प्रमाण जास्त असते.

पण जात कितीही वरची असली, तरी फटीत साचलेल्या मळापुढे ती हतबल होते. घड्याळाची चेन उलटी करून उन्हात धरा आणि एखादी कडी वाकवा. दोन कड्यांच्या सांध्यात काळपट-हिरवट, किंचित चिकट मळी दिसेल. मेलेली त्वचा, घाम, साबणाचा अंश, क्रीम आणि इथली जांभ्याची लाल धूळ यांचे ते मिश्रण असते. ही मळी मीठ आणि ओल धरून ठेवते, आणि हवा मात्र आत जाऊ देत नाही. अशा जागी पोलादावरचा थर हळूहळू हरतो, आतला द्रव आम्लधर्मी होत जातो, आणि बाहेरून काही न दिसता बारीक खड्डे पडू लागतात. जुनी घड्याळे उघडली की मागच्या झाकणाखाली, रबरी वॉशर बसतो त्या खाचेत, नेमके असेच खड्डे सापडतात. तिथला धातू एकदा खाल्ला गेला की वॉशर नीट बसत नाही आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. त्यामुळे घड्याळ धुण्याचा खरा अर्थ त्याला चमकवणे असा नाही. फटीतली मळी काढून पोलादापर्यंत पुन्हा हवा पोचवणे, एवढाच आहे.

धुण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: घड्याळ पाण्याला तोंड देणारे आहे का, आणि त्याची चावी पूर्ण आत बसली आहे का. स्क्रूची चावी असेल तर ती हलक्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, शेवटपर्यंत फिरवून घ्यावी. पाठीवर ‘३० मीटर’ लिहिले असले, तरी ते घालून तीस मीटर खोल जाता येते असे नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, एवढाच. पोहायला १०० मीटरचे घड्याळ हवे, आणि तेही वॉशर शाबूत असेल तर. ज्या घड्याळाबद्दल जराही शंका आहे, ते पाण्याखाली धरू नये. त्याची चेन काढून वेगळी धुवावी आणि डबी फक्त किंचित ओलसर फडक्याने पुसावी.

बाकी काम सोपे आहे. आधी घड्याळ नुसत्या पाण्याखाली धरून धूळ वाहून जाऊ द्यावी. ही पायरी कधीही गाळू नये, कारण वाळूतले क्वार्ट्झचे कण पोलादाहून कठीण असतात आणि कोरडे फडके फिरवले की तेच कण ओरखडे पाडतात. मग वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब टाकावा आणि मऊ टूथब्रशने घासावे. चेनची आतली बाजू, चेन जिथे डबीला मिळते ते कोपरे, बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची, कड आणि चेनचे कुलूप यांना जास्त वेळ द्यावा. वरचा भाग आपोआप स्वच्छ होतो. पाणी गरम नको, उष्णतेने वॉशर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. साबणाचा अंश पुरता निघेपर्यंत गोड्या पाण्याने धुवावे. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील, तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा, म्हणजे पांढरे डाग राहत नाहीत. मऊ फडक्याने टिपून, चेन पूर्ण उघडून, तासभर पंख्याखाली ठेवावे. हेअर ड्रायर नको.

घरोघरी एक चूक होते. तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने लखलखतात, तेव्हा घड्याळही तसेच उजळेल असे वाटते. तांब्यावर साचलेला ऑक्साइड आम्लात विरघळतो, म्हणून भांडे उजळते. पोलादावरचा ऑक्साइड मात्र त्याचे कवच आहे, आणि आम्ल व मीठ यांची जोडी फटीत अडकून राहिली तर ती त्याच कवचाच्या मुळावर येते. टूथपेस्ट, चमक पावडर आणि राख यांत घासणारे कण असतात. ते आरशासारखा पॉलिश केलेला भाग धुरकट करतात. ब्लीच तर जवळही आणू नये, त्यात क्लोरीन असते. ओरखडे घालवायला घरी पॉलिश करू नये; प्रत्येक पॉलिशबरोबर धातूचा एक थर कायमचा जातो आणि डबीच्या कडा गोल होत जातात.

काचेची गोष्ट वेगळी आहे. १९३१ मध्ये झेजर-ल्कूल्त्रच्या ‘रिव्हर्सो’ घड्याळाची डबी उलटी फिरवता येईल अशी बनवली गेली, ती भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत म्हणून. आज महागड्या घड्याळांची काच कृत्रिम नीलमची असते. खनिजांच्या कठीणतेच्या मापावर तिचा आकडा ९, वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. भाट्याच्या वाळूने ती ओरखडत नाही. पोलादाची डबी मात्र ओरखडते.

आता एचएमटीविषयी. १९६१ पासून बंगळुरूला जपानी सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बनू लागलेली ही घड्याळे कोकणातल्या असंख्य कपाटांत आहेत. त्यातल्या अनेकांची डबी पितळेची, वर क्रोमचा मुलामा, आणि फक्त मागचे झाकण पोलादी. पाठीवर तसे कोरलेलेही असते. मुलामा उडाला की पितळ उघडे पडते आणि खाऱ्या हवेत हिरवे होते. ही घड्याळे किमती नसली तरी माझ्या मते सर्वांत जास्त जपायला हवीत. त्यांना पाण्याचा स्पर्श नको. कोरडे मऊ फडके आणि कोपऱ्यांसाठी लाकडी टूथपिक पुरे.

याच किनाऱ्यावर आणखी एक नवल आहे. काळबादेवीपासून मालगुंडपर्यंतच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात, त्या इल्मेनाइटच्या. इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज. सिटीझनने १९७० मध्ये जगातले पहिले टायटॅनियमचे मनगटी घड्याळ आणले. हा धातू पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचा असून समुद्राच्या पाण्याने सहसा गंजत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने नवे घड्याळ घेताना त्याचा जरूर विचार करावा.

राहिली आतली यंत्रणा. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीच असते. आतले स्क्रू आणि चाकांचे दांडे कडक पोलादाचे असतात, त्यांना डबीसारखे कवच नसते. काचेच्या आत धुके दिसले तर तांदळात पुरून ठेवू नका, उन्हातही ठेवू नका. त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे न्या. समुद्राचे पाणी शिरले असेल तर प्रत्येक तास मोलाचा आहे. वॉशर वर्षानुवर्षांत कडक होतो, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून दर वर्षी पावसाआधी, मे महिन्यात, दाबाची चाचणी करून घ्या. जवळ सोय नसेल तर पुण्या-मुंबईला जाण्याच्या खेपेत अधिकृत सेवा केंद्रात घड्याळ दाखवा. आणि समुद्रावर जाऊन आलात, तर घड्याळ काढून ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, त्याच संध्याकाळी.